गुलाल लावलेली कुत्री

रंगाचं दुकान चालवणाऱ्या माणसानं जगातली कुठलीही गोष्ट विसरावी, रंग विसरू नये. आणि खरं सांगायचं तर मी विसरलोही नव्हतो. चांगला चार लिटरचा डबा स्कूटरवर दोन पायांत धरून पिरंगुटपासून उरवड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावापर्यंत नेला होता. देवळासमोरच्या पारावर मांडी ठोकून बसलो, पेचकसानं झाकण उचकटलं, ब्रश बुडवला आणि जाळ्यात गुरफटून किंचाळणाऱ्या पहिल्या कुत्र्याच्या कपाळावर ऐटीत एक फटकारा ओढला.

कुत्रं चकाकलं. बाकी काही झालं नाही.

डब्यात व्हर्निश होतं. दारं-खिडक्यांना शेवटचा हात मारतात ते, पाण्यासारखं, बिनरंगाचं.

"अहो, खूण करायचीय खूण," जनावरांचे डॉक्टर कुत्र्याच्या मानेवर गुडघा रोवून ओरडले. "पॉलिश कसलं करताय?"

सकाळी निघताना बायकोनं विचारलं होतं, "डबा उघडून बघितलात का?" मी हसून म्हणालो होतो, "इतकी वर्षं दुकान चालवतोय. डब्याचं वजन हातात घेतलं की आतला रंग कळतो मला." हे वाक्य तिनं नीट ऐकून घेतलं होतं. ती अशी वाक्यं वाया जाऊ देत नाही.

खूण एवढी महत्त्वाची का होती, ते आधी सांगतो. आम्ही पिरंगुटच्या आसपासचे पंधरा-वीस जण मिळून एक सेवा क्लब चालवतो. पोटं सुटलेली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, पण उत्साह दांडगा. महिन्यातून एका रविवारी समाजाची सेवा करायची आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. सेवा दोन तास आणि जेवण चार तास, असं आमचं साधारण प्रमाण असतं. अध्यक्षांची भाताची गिरणी आहे. डॉक्टर सरळ, तापट. एक विमावाले आहेत, ते कुठल्याही कामात सगळ्यात मागे असतात, कारण धोका म्हणजे काय हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळतं. क्लबचे मोरपंखी सदरे मी निवडले होते. घामानं त्यांचा रंग उतरतो आणि आमच्या बगला हिरव्या होतात. तेव्हापासून क्लबात रंगाच्या बाबतीत माझा शब्द कुणी फारसा मानत नाही.

तर त्या गावात आठवड्यापूर्वी एक कुत्रं पिसाळलं होतं. त्यानं एका कालवडीचं नाक फाडलं, नळावर निघालेल्या बाईच्या पोटरीचा लचका तोडला आणि शेवटी विहिरीपाशी कोंडीत सापडलं. गावानं त्याला खोऱ्याच्या दांड्यांनी ठेचलं. मेल्यावरही बराच वेळ ठेचत होते. मी ते पाहिलं नाही, पण डॉक्टर त्या कालवडीसाठी तिथंच गेलेले होते. ते सांगत होते, की कुत्रं मेलंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण हात थांबत नव्हते. एकजण दमला की दांडा दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

त्याच संध्याकाळी गाव पारावर जमलं आणि ठरलं, की गावातली सगळीच कुत्री मारून टाकायची. डॉक्टर मध्ये पडले. म्हणाले, असं मारणं कायद्यात बसत नाही.

"मंग कायदा वाचून दावा की कुत्र्यास्नी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

शेवटी डॉक्टरांनी क्लबच्या वतीनं शब्द दिला. येत्या रविवारी येतो, दिसेल त्या कुत्र्याला लस टोचतो आणि टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या कपाळावर खूण करतो. गावानं ते मान्य केलं, पण अट घातली. रविवारी दिवस मावळल्यावर ज्याच्या कपाळाला खूण नसेल ते कुत्रं गावाचं. म्हणजे काठीचं.

अशा ठिकाणी मी व्हर्निश घेऊन गेलो होतो.

डबा बघून अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांच्या गुडघ्याखालचं कुत्रं सुटायला धडपडत होतं, पुढचं जाळ्यात येऊन पडलं होतं, आणि परत पिरंगुटला जाऊन यायला वेळ कुणाला होता? तेवढ्यात नवे सरपंच पुढं झाले. दोनच दिवसांपूर्वी निवडून आलेले, कानामागं अजून लाली.

"गुलाल हाय की! अर्धं पोतं उरलंय मिरवणुकीतलं. लावा किती लावायचा त्यो."

आम्हाला देवच भेटल्यासारखं झालं. मिसळीसाठी आणलेल्या तेलात मी गुलाल कालवला, म्हणजे चिकटून बसेल. छान लालभडक लगदा झाला. पहिल्या कुत्र्याच्या चकाकत्या कपाळावर टिळा लावला, तर तो व्हर्निशवर असा काही बसला की मला वाटलं, हे मुद्दाम केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

आम्ही सगळे याच भागातले. निवडणुकीनंतर गुलाल म्हणजे काय, हे काय आम्हाला कुणी शिकवायला हवं होतं? निकालाच्या दिवशी जिंकलेल्याच्या अंगावर गुलाल पडतो आणि हरलेला दार लावून घेतो. हरलेल्याच्या अंगणात चिमूटभर जरी उडाला तरी डोकी फुटतात. हे आम्हाला माहीत होतं. त्या गावात वरच्या आळीचं पॅनेल थोडक्यात जिंकलंय आणि खालच्या आळीचं पडलंय, हेही माहीत होतं. जिंकल्याचे पेढेसुद्धा आम्ही सकाळी खाल्ले होते. पण कुत्र्याला आळी असते, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुपारपर्यंत त्या गावात जे चाललं होतं त्याला सेवा म्हणायला जीभ रेटत नाही. जाळं टाकलं की कुत्रं त्यात हातभर उसळायचं, जाळ्याच्या दोऱ्या तोंडात धरून तोडायचं, स्वतःचीच जीभ चावून रक्ताळायचं. तिघांनी दाबायचं, डॉक्टरांनी सुई खुपसायची, मी टिळा लावायचा, आणि सोडल्यावर ज्यानं दाबलं त्याच्याच अंगावर ते उलटायचं. अध्यक्षांचा लेंगा गुडघ्यापर्यंत फाटला. विमावाले देवळाच्या कट्ट्यावर चढून "डावीकडं! डावीकडं गेलं!" असं मार्गदर्शन करत होते. एका काळ्या कुत्रीला टिळा लावताना मी तिच्याशी दोन गोड शब्द बोलायला गेलो. तिनं माझा अंगठ्याखालचा भाग तोंडात घेतला आणि दात हाडाला लागल्यावरच सोडला. गुलाल कुठला आणि रक्त कुठलं, कळेना.

"वरनं फडकं गुंडाळा," डॉक्टर म्हणाले, आणि मग लगेच, "नको, आधी साबणानं धुवा. पंधरा मिनिटं धुवा. संध्याकाळी तुम्हालाही टोचायचंय."

"मग मलाही टिळा लावा," मी म्हणालो.

मी नळाखाली हात धरून बसलो होतो तेव्हा एक बाई आली. डोंगरावरच्या वाडीतली, खालच्या आळीच्या मागून पायवाट चढते तिथली. वय माझ्या मोठ्या बहिणीएवढं. हातात शेरडं हाकायची काठी, आणि काथ्याच्या दोरीला बांधलेला एक तांबडा, रुंद छातीचा कुत्रा. त्याचा एक कान अर्धा नव्हता.

"ह्येला टोचा," ती म्हणाली. "म्या धरते. जाळं नगं."

तिनं त्याचं तोंड काखेत दाबलं, डॉक्टरांनी सुई टोचली. कुत्रं हललंसुद्धा नाही. मी धुतलेल्या हातानं टिळा लावला.

"भाऊ, आता ह्येला मारणार न्हाईत ना?"

"नाही मावशी. खूण झाली."

"गेल्या साली बिबट्यानं दोन शेरडं नेली माजी. तिसऱ्याला ह्यो आडवा पडला. कान तितंच गेला. ह्यो गेला तं शेरडं गेली, आन शेरडं गेली तं आमी कशाव जगायचं? मारणार न्हाईत ना?"

"नाही म्हणालो ना. ही खूण दिसली की काठी खाली."

"सबूद?"

"शब्द."

एवढं बोलून मी मोठ्या समाधानानं हाताला फडकं गुंडाळलं. ती कुत्रं घेऊन खालच्या आळीच्या रस्त्यानं निघाली. तिची वाट तिकडूनच जात होती.

अर्ध्या तासानं मिसळीचा कट उकळायला लागला. तर्रीचा वास सुटला आणि क्लब आपोआप पातेल्याभोवती गोळा झाला. तेवढ्यात खालच्या आळीकडून माणसं आली. ती बोलत नव्हती, नुसती चालत येत होती. वीस-पंचवीस जण, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. पुढं पैलवान. पूर्वी कुस्त्या गाजवलेला, आता कंपन्यांतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देणारा आणि परवाच्या निवडणुकीत पडलेला. त्याच्या एका हातात भला मोठा वेळूचा दांडा होता आणि दुसऱ्या हातात, मानगूट धरून लोंबकळत, गुलाल लावलेलं एक पिल्लू.

"कुनी लावला ह्यो?" त्यानं पिल्लू माझ्यापुढं धरलं. "आमच्या आळीतल्या येकूणयेक कुत्र्याला गुलाल कुनी लावला?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. पण कळायला थोडा उशीर झाला होता.

"पैलवान, खूण आहे ती," मी म्हणालो. "लस टोचल्याची."

"गुलाल ही टोचल्याची खूण व्हय? मंग सरपंचाच्या कपाळाला परवा काय हुतं? त्येलाबी टोचलंय का?"

आणि मी हसलो.

हसायला नको होतं, पण बोलणं होतंच तसं. माझं हसू अजून तोंडातच होतं तेव्हा पैलवानानं पिल्लू खाली सोडलं आणि त्याचा तळहात आला. दांडा नव्हे, नुसता तळहात. माझा खालचा ओठ दातांवर फुटला आणि मी मिसळीच्या पातेल्याशेजारी जाऊन पडलो. मागून सरपंचाचा भाऊ ओरडला, "पावण्यांवर हात टाकतोस?" आणि त्यानं खोऱ्याचा दांडा फिरवला. मग कोण कुणाला मारतंय, हे कळायची सोय राहिली नाही.

मारामारी कशी असते हे सिनेमात कळत नाही. तिथं आवाज मोठे असतात. खरी काठी डोक्यात बसते तेव्हा आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा येतो, बारीक, आणि ज्याला लागलंय तो आधी आश्चर्यानंच बघतो. सरपंचाच्या भावाच्या कपाळाचं कातडं असं उघडलं की त्याला काही दिसेना. तो आंधळ्यासारखा दांडा फिरवत राहिला आणि त्यानं आपल्याच दोघांना लोळवलं. वरच्या आळीतल्या बायका गच्चीवरून दगड टाकत होत्या आणि ते दगड काही आळी बघून पडत नव्हते. अध्यक्ष "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत दोन्ही हात वर करून मध्ये उभे राहिले. एकानं त्यांना ढकललं, ते पातेल्यावर गेले. उकळता कट त्यांच्या पोटऱ्यांवर सांडला. त्यांनी मारलेली किंकाळी ऐकून क्षणभर सगळे थांबले, आणि परत लागले. विमावाले देवळात जाऊन आतून कडी लावून बसले होते.

खालच्या आळीचे लोक येताना एक काम करून आले होते. आळीतल्या कुत्र्यांच्या कपाळावरचा गुलाल त्यांनी राख लावून, बादल्या ओतून, गोणपाटानं खरवडून काढला होता. पैलवानाच्या हातातलं पिल्लू तेवढं पुरावा म्हणून ठेवलं होतं. वाडीकडं निघालेल्या त्या मावशीलाही त्यांनी वाटेत अडवलं होतं, तिच्या हातातली दोरी हिसकून तांबड्याचं कपाळ चिखलानं घासून साफ केलं होतं; कुत्रं बिथरून तिथंच आळीत पळालं होतं. "जिंकल्याचा गुलाल आमच्या आळीतनं मिरवत नेतीस व्हय गं?" म्हणून तिलाही दोन बोल सुनावले होते. हे मला नंतर कळलं.

पण वरच्या आळीतल्या कुणाच्या तरी हे लगेच लक्षात आलं. माणसांना मारून दमल्यावर त्या माणसानं दांडा वर करून ओरडून सांगितलं, "आरं, खालच्या आळीतल्या कुत्र्यास्नी आता खूणच न्हाई! बिनखुणेची गावाची, ठरलंय ना? चला!"

दिवस मावळायला बराच अवकाश होता. पण त्याची आठवण कुणाला करून द्यायची?

माणसाला मारलं की उद्या त्याचा भाऊ येतो, केस होते. कुत्र्याला भाऊ नसतो. वरच्या आळीचा सगळा जमाव खालच्या आळीत घुसला आणि काठ्या खाली, जमिनीच्या दिशेनं पडायला लागल्या. एक पांढरं कुत्रं गुरांच्या हौदाखाली शिरलं, त्याला मागच्या पायांना धरून ओढून काढलं. डॉक्टर "टोचलंय त्याला! मी टोचलंय त्याला!" असं ओरडत त्याच्यावर आडवे पडायला गेले, तर त्यांना बाजूला उचलून ठेवलं, एखादं पोतं ठेवावं तसं. तीन-चार फटक्यांत ते संपलं. दुसरं एक उंबऱ्यावरच मारलं, दार उघडायला उशीर झाला म्हणून. घरातली मुलं आतून दार बडवत होती.

आणि मी ओठातून रक्त गाळत तिथं उभा होतो. सेवा करायला आलेला माणूस.

डॉक्टर माझ्याकडं वळले. त्यांचा सदरा छातीपर्यंत फाटला होता.

"काय बघताय? जा. खरा रंग घेऊन या. धुतला तरी जाणार नाही असा. जा!"

स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. ओठ सुजून हनुवटीला टेकला होता. रविवार असल्यामुळं दुकान बंद होतं, बायको बहिणीकडं गेली होती. शटर अर्धं वर करून आत शिरलो आणि डब्यांच्या रांगांपुढं थांबलो. आणि मग जे झालं ते आठवलं की अजून घाम येतो. मला रंगच सापडेना.

लाल तर बादच. भगवा घेतला, ठेवला. निळा घेतला, ठेवला. हिरवा हातातसुद्धा घेतला नाही. पांढरे फेटे खालच्या आळीच्या पॅनेलनं बांधले होते. पिवळं तर वरच्या आळीचं निशाण. काळा लावला तर म्हणतील निषेध करतायत. आयुष्यभर रंग विकला, शेकडो छटांचं पुस्तक गिऱ्हाइकापुढं उघडून "घ्या, हवा तो घ्या" म्हणालो, आणि त्या दिवशी एका कुत्र्याच्या कपाळाला लावता येईल असा, ज्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडणार नाही असा एक रंग त्या दुकानात मिळेना. शेवटी अगदी खालच्या फळीवर चांदीचा डबा दिसला. पत्र्याच्या शेडांना, कंपन्यांच्या गेटांना मारतात तो. आजवर कुठल्या पुढाऱ्यानं चांदीरंगाचा झेंडा केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. झाकण उघडलं, बोट बुडवून बघितलं. या वेळी बघितलं.

परत पोचलो तेव्हा आळीतली कुत्री एकतर मेली होती, नाहीतर घराघरांत कोंडून बंद झाली होती. जमाव मात्र पांगला नव्हता. तो आळीच्या टोकाला, भाताच्या पेंढ्याच्या उडवीभोवती उभा होता. उडवी म्हणजे पेंढा गोल रचून केलेला पुरुषभर उंचीचा ढीग. त्याच्या बुडाशी एक भोक पडलं होतं आणि आतून बारीक कण्हणं ऐकू येत होतं. भोकासमोर ती मावशी उभी होती. तिचं लुगडं एका बाजूनं फाटलं होतं, केस सुटले होते, आणि काठी दोन्ही हातांनी खांद्यावर उगारलेली. पुढ्यात एक पोरगा पोट धरून बसला होता. त्याला तिनं नुकतीच हाणली होती.

"बाजूला व्हय म्हातारे," एकजण म्हणाला. "न्हाईतर तुलाबी."

"ये की. ये हिकडं. तुज्या आयनं किती जपून वाडवलाय त्ये बगते."

एका बाजूला वरच्या आळीचे, काठ्यांच्या टोकांना केस चिकटलेले. दुसऱ्या बाजूला खालच्या आळीचे, डोक्यांना पंचे बांधलेले. दोन्हीकडचे दमलेले, पण आता थांबायचं कसं हे कुणालाच सुचत नव्हतं. मी डबा आणि ब्रश घेऊन मधून वाट काढली.

"मावशी, मी आलोय. खूण करतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि काठी घातली. खांद्यावर. हात बधिर झाला, ब्रश पेंढ्यात पडला.

"तुज्या खुणंनंच मारलं त्येला! पाय मोडलाय त्येचा. काय म्हनलास तू? खूण दिसली की काठी खाली म्हनलास. ठिवलास सबूद?"

"मावशी, ही वेगळी खूण आहे. ही कुणाची नाही."

"मला काय कळतंय कुनाची त्ये? सकाळीबी असाच ग्वाड बोललास." तिनं काठी परत उगारली. मग एकदम थांबली आणि काठीच्या टोकानं माझ्या कपाळाला टोचून म्हणाली, "आदी सोताच्या कपाळाला लाव."

"काय?"

"लाव म्हनते ना. आदी तुज्या. मंग माज्या कुत्र्याच्या."

मी ब्रश उचलला. पेंढा झटकला. डब्यात बुडवला आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत एक पट्टा ओढला. जरा जास्तच लागला. रंग भुवईतून खाली ओघळला, डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन झोंबला.

मग पैलवान म्हणाला, "शेठ, कंपनीचं गेट दिसताय गेट."

त्याचं त्यालाच हसू आलं. हसताना त्याची मारामारीत मोडलेली बरगडी दुखली, म्हणून तो हसत हसत शिव्या द्यायला लागला. खालच्या आळीचे हसले. वरच्या आळीतल्या कुणाला तरी ते बघून हसू फुटलं. डॉक्टर पुढं आले, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि आपल्याही कपाळावर एक पट्टा ओढून परत माझ्या हातात दिला.

मावशी बाजूला झाली नाही. मीच गुडघ्यांवर बसून तिच्या पायांशेजारून त्या भोकात डोकं घातलं. आत अंधार, आणि रक्ताचा, पेंढ्याचा, ओल्या कुत्र्याचा वास. तांबड्याचा मागचा पाय भलत्याच बाजूला वळला होता. तो गुरगुरला. मला सकाळची काळी कुत्री आठवली आणि या वेळी मी एकही गोड शब्द बोललो नाही. मावशीनं वरून हात घालून त्याचं तोंड धरलं. मी कपाळावर चांदीचा ठिपका लावला, चांगला तळहाताएवढा.

तिनं त्याला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. वरच्या आळीतला एक पोरगा अजून तापलेला होता. त्यानं काठी उचलली. पैलवानानं ती हवेतच पकडली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या अशी कानफटात ठेवून दिली की पोरगा पेंढ्यात जाऊन बसला.

"खूण झालीया," पैलवान म्हणाला. "दिसत न्हाई व्हय रं?"

सरपंचाच्या भावाला दवाखान्यात हलवलं होतं. सरपंच तिथंच होते. शत्रूनं आपल्या आळीतल्या पोराला मारलेलं बघून त्यांच्या मुठी वळल्या. त्यांनी पैलवानाकडं पाहिलं, मग माझ्या कपाळाकडं, आणि काठी जमिनीला टेकवली. "चला रं," एवढंच म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोन्ही आळ्यांत दारोदार फिरून उरलेल्या कुत्र्यांना चांदी लावली. लोक स्वतःहून बाहेर आणून धरत होते. ज्यांची मेली होती त्यांच्या दारावरून जाताना मात्र आम्ही मान खाली घातली. हौदाजवळच्या घरासमोर एक म्हातारा पांढऱ्या कुत्र्यावर गोणपाट टाकत होता. डबा बघून म्हणाला, "आता काय उपेग?" सांडून उरलेली मिसळ कुणी खाल्ली नाही. क्लबच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं.

डॉक्टरांनी तांबड्याचा पाय तिथंच बांबूच्या कामट्या लावून बांधला. मावशी कुत्रं खांद्यावर टाकून पायवाट चढायला लागली. बरीच वर गेल्यावर थांबली आणि तिथनं ओरडून म्हणाली, "पाऊसपान्यात जाईल का रं ह्ये?"

"नाही मावशी!" मी ओरडलो. "दोन वर्षं तरी नाही!"

डब्यावर तसं छापलेलं असतं. लोखंडाबद्दल.

दवाखान्यात मला ओठाला टाके पडले, हाताच्या जखमेभोवती आणि दंडात सुया टोचल्या. उरलेल्या सुयांसाठी पुढं यायला सांगितलं. कपाळ पुसायला नर्स थिनर शोधत होती. मी म्हणालो, राहू द्या, घरी आहे.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती. बातमी माझ्याआधी आली होती, विमावाल्यांनी देवळातून फोन केला होता. तिनं आधी स्कूटरवर माझ्या दोन पायांत धरलेला व्हर्निशचा डबा पाहिला. मग पट्टी, मग ओठ. शेवटी कपाळ. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"खूण दिसतेय, म्हणजे टोचून झालेलं आहे," ती म्हणाली. "या मग आत. नाहीतर मीसुद्धा काठी घेऊनच उभी होते."